त्र्याण्णव घरं आणि एक प्रश्नचिन्ह

१९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात काही घरांच्या दाराशी कॉम्प्युटरची खोकी उतरली. पोलादाचं हे शहर तेव्हा पडत्या काळातून सावरत होतं. भट्ट्या विझून दशक उलटलं होतं आणि इस्पितळं नि विद्यापीठं यांच्या आधारावर गाव पुन्हा उभं राहत होतं. खोकी आली ती त्यातल्याच एका विद्यापीठाकडून, कार्नेगी मेलनकडून. आत मॅकिंटॉश कॉम्प्युटर, लागणारं सॉफ्टवेअर, जोडीला फुकट टेलिफोन लाइन आणि फुकट इंटरनेट. घरात कुणाकडेही आधीपासून इंटरनेट नसावं, ही निवडीची अटच होती. गूगल सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती, फेसबुकला नऊ.

फुकट म्हटलं तरी व्यवहार दोन्ही बाजूंचा होता आणि तो घरच्यांना आधी समजावून सांगितलेला होता. कोण किती वेळ जोडलेलं असतं, किती ईमेल पाठवतं, किती वेबसाइटी पाहतं याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवणार. घरच्यांनी ठरावीक काळाने प्रश्नावल्या भरायच्या आणि संशोधक घरी आले की त्यांच्याशी बसून बोलायचं. मान्य असेल त्यांनी घ्यावं, नसेल त्यांनी नको म्हणावं. अशी ९३ घरं तयार झाली. प्रकल्पाचं नाव ‘होमनेट’.

माणसं इंटरनेटवर कशी जगतात, याचा घरात जाऊन, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेला हा सुरुवातीचा मोठा अभ्यास. त्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आज मोबाइलबद्दल घरोघरी जे वाद चालतात ते जवळजवळ सगळे तिथे एकदा होऊन गेलेले आहेत. त्या वादात संशोधकांचं चुकलंही, आणि चूक तपासायला ते त्याच घरांकडे परतही गेले.

प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट क्राउट हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ. विद्यापीठात येण्यापूर्वी ते बेल लॅब्ज आणि बेलकोअरमध्ये होते, म्हणजे टेलिफोनच्या जगात. दूर असलेली माणसं तारेवरून एकमेकांशी कशी बोलतात, हा त्यांचा जुना विषय. त्यांच्या सहकारी सारा कीसलर यांनी ईमेलने माणसांच्या वागण्यात काय फरक पडतो याचा अभ्यास आधीपासून केला होता. संघात कॉम्प्युटरशास्त्रज्ञ विल्यम शेर्लिस होते, व्यवस्थापनशास्त्राचे त्रिदास मुखोपाध्याय होते. अमेरिकेतल्या विचारी लोकांत त्या सुमारास एक काळजी पसरली होती. हार्वर्डचे रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ च्या जानेवारीत एक निबंध लिहून दाखवलं होतं, की अमेरिकन माणूस मंडळं, संघटना, शेजारपाजार यांतून अंग काढून घेतोय. त्यांचा संशय टीव्हीवर होता. आता टीव्हीशेजारी आणखी एक पडदा येऊन बसणार होता. पण हा पडदा बोलका होता, त्यातून समोरचा माणूस उत्तर देत होता. मग तो माणसांना जवळ आणेल की आणखी दूर नेईल?

योगायोग असा, की आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेही १९९५ मध्येच. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत ते खुलं केलं. आमच्या घरी यायला पुढे चार-पाच वर्षं लागली. मोडेम किणकिणत, खरखरत लागायचा आणि तो लागला की घरचा फोन बंद. आजी विचारायची, ‘‘झालं का तुझं? मावशीचा फोन यायचाय.’’ मी इंटरनेटवर असताना मावशी आमच्यापर्यंत पोचूच शकत नव्हती. इंटरनेट माणसं जोडतं की तोडतं, हा प्रश्न आजीच्या त्या एका वाक्यात पुरा मावला होता, हे मला पिट्सबर्गचा अभ्यास वाचताना फार उशिरा कळलं.

होमनेटमध्ये दोन प्रकारची कुटुंबं होती. शाळेच्या वार्तापत्रासाठी काम करणाऱ्या मुलामुलींची घरं एका बाजूला, आणि वस्तीविकासाच्या संस्थांच्या कार्यकारिणीवर असलेल्या प्रौढांची घरं दुसऱ्या बाजूला. हा विचार सुरेख होता. ज्यांच्यात आधीपासून काहीतरी नातं आहे, ज्यांना एकमेकांशी बोलायला काही निमित्त आहे, अशीच माणसं निवडली होती, म्हणजे ईमेल लिहायला समोर कुणीतरी असेल.

प्रश्नावलीतले प्रश्न साधे होते. पिट्सबर्ग परिसरातल्या किती जणांना तुम्ही महिन्यातून निदान एकदा भेटता? शहराबाहेरच्या किती जणांशी वर्षातून एकदा तरी आवर्जून बोलता, भेटता? घरातल्या प्रत्येकाशी दिवसात किती वेळ बोलणं होतं? अडचणीत मदतीला येईल असं कुणी आहे का? एकटं वाटतं का, मन उदास असतं का? हे आपल्या घरी विचारून पाहावं. आई बोटं मोजायला लागेल. वडील म्हणतील, ‘‘लग्नकार्यात भेटतात ते धरायचे का?’’ पण या मोजण्यातच अभ्यासाचं बळ होतं. इंटरनेट मिळण्याआधी एकदा आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा, त्याच माणसांना तेच प्रश्न विचारले, की मधल्या काळात काय बदललं ते दिसतं.

मधल्या काळात घरांत बरंच काही घडलं. कॉम्प्युटरचा ताबा बहुतेक ठिकाणी पोरांकडे गेला. अडलं की आईवडील मुलाला हाक मारत. संशोधकांनी घरातल्या या जाणत्याला ‘गुरू’ असंच म्हटलं; इंग्रजी संशोधनात तो शब्द रुळला. आज नातवाकडे मोबाइल पुढे करून ‘हे बघ रे काय झालंय’ म्हणणाऱ्या आजोबांच्या घरात तोच गुरू बसलेला आहे. दुसरी गोष्ट अशी, की लोकांना सगळ्यात जास्त ओढ होती ती माणसांशी बोलण्याची. माहितीचा महामार्ग म्हणून ज्याचा गाजावाजा चालला होता, त्यावर पिट्सबर्गची घरं मुख्यतः एकमेकांना पत्रं लिहीत होती. ज्यांचा ईमेल चालू राहिला त्यांचं इंटरनेट टिकलं.

आता सगळ्यांचीच अपेक्षा अशी, की इतकं बोलणारी माणसं सुखी झाली असणार. आकडे उलटे आले.

त्या ९३ पैकी ७३ घरांतल्या १६९ जणांच्या माहितीवरून दिसलं, की ज्यांनी इंटरनेट जास्त वापरलं त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी झालं, ओळखीपाळखीचं वर्तुळ आकसलं, एकटेपणा आणि उदासी वाढली. परिणाम लहान होता. आठवड्याला एक तास इंटरनेटमागे उदासीच्या मोजपट्टीवर सुमारे एक टक्का वाढ, एकटेपणात अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि सरासरी ६६ जणांच्या वर्तुळातून पावणेतीनच्या आसपास माणसं गळालेली. पण दिशा स्पष्ट होती. शिवाय मुळात एकटी, उदास असलेली माणसं इंटरनेटकडे जास्त वळली असं म्हणावं, तर तेही दिसत नव्हतं. आधीच्या एकटेपणावरून पुढचा वापर ठरत नव्हता. क्राउट यांनी वार्ताहराला सांगितलं, की या निष्कर्षांनी आम्हालाच धक्का बसला. या अभ्यासाला पैसा देणाऱ्यांत इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एटी अँड टी, अॅपल अशा कंपन्या होत्या. इंटरनेट विकणाऱ्यांच्या पैशातून इंटरनेटविरुद्ध निघालेला निष्कर्ष संशोधकांनी झाकला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मोठ्या अक्षरात लिहीन.

१९९८ च्या सप्टेंबरात ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख आला. नाव होतं ‘इंटरनेटचा विरोधाभास’, आणि उपशीर्षकात विचारलं होतं, की माणसं जोडणारं हे तंत्रज्ञान माणसांचा सहवास आणि मनःस्वास्थ्य कमी करतं का? शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ते प्रश्नचिन्ह शास्त्रज्ञाचं होतं, जपून लिहिलेलं. लेख छापून येण्याआधीच, ३० ऑगस्टच्या रविवारी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली. मथळा असा, की सायबरविश्वात उदास, एकाकी जग सापडलं आहे. प्रश्नचिन्ह गळून पडलं. तिथून पुढे जगभर तोच सूर. इंटरनेट माणसाला एकटं पाडतं हे ‘सिद्ध झालं’ असं लोक बोलू लागले, आणि काही अजून बोलतात.

शास्त्रज्ञांच्या वर्तुळातून मात्र लगेच आक्षेप आले आणि ते रास्त होते. तुलनेसाठी इंटरनेट नसलेली घरं कुठे आहेत? माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, मग हे निष्कर्ष साऱ्या अमेरिकेला कसे लावायचे? सगळ्यात मार्मिक आक्षेप मला हा वाटतो. शाळेतली मुलं अभ्यासात घेतली, दोन वर्षांत त्यातली कित्येक शाळा संपवून पांगली. सोबती गेले म्हणजे वर्तुळ आकसणारच. आईबापांचंही तेच, शाळेच्या कार्यक्रमांना भेटणारे इतर पालक आता भेटत नाहीत. कस्तुरीमृगासारखं इंटरनेटमागे धावायचं आणि कारण मात्र वयात दडलेलं, असं झालं नसेल कशावरून? दहावीनंतर पांगलेल्या कुठल्याही वर्गाला विचारा, त्यांची वर्तुळं इंटरनेट नसतानाही अशीच आकसली होती.

क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. त्यांनी आपल्या निष्कर्षाला चिकटून बसण्यापेक्षा त्याच लोकांकडे परत जाणं पसंत केलं. होमनेटच्या घरांतल्या २०८ जणांना गाठून पुन्हा प्रश्न विचारले. उदासी, एकटेपणा, आकसलेलं वर्तुळ यांतले बहुतेक वाईट परिणाम विरून गेले होते. मग त्यांनी नवा अभ्यास मांडला. नुकताच कॉम्प्युटर विकत घेतलेली माणसं एका बाजूला आणि नुकताच टीव्ही विकत घेतलेली दुसऱ्या बाजूला, सगळी मिळून ४०६. तुलनेला कुणीतरी हवं, हा आक्षेप त्यांनी असा मनावर घेतला. नवं काहीतरी घरात आणण्याचा उत्साह दोन्हीकडे सारखा, फरक फक्त यंत्राचा. या वेळी इंटरनेट वापरणाऱ्यांत एकंदरीत चांगलेच परिणाम दिसले. जनसंपर्क वाढला, मन बरं राहिलं.

पण त्या बऱ्या चित्रात एक दुभंग होता, आणि २००२ साली छापून आलेल्या त्या दुसऱ्या लेखातला तोच भाग सगळ्यात मोलाचा. ज्यांचा स्वभाव मोकळा, ज्यांच्याभोवती आधीच माणसं आहेत, त्यांना इंटरनेटने आणखी दिलं. जे बुजरे, ज्यांना आधाराला कुणी नाही, त्यांच्याकडून ते उलट काढून घेतलं. ज्याच्या घरी गोतावळा आहे त्याच्या अंगणात आणखी पाहुणे, आणि रिकाम्या ओसरीवर आणखी शांतता. यंत्र माणसाला बदलतं का, या प्रश्नाला ‘कुठल्या माणसाला?’ असा उलट प्रश्न विचारावा लागतो, हे पिट्सबर्गने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. एकदाच विचारून थांबले असते तर चुकीचं उत्तर कायमचं राहिलं असतं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत काळ झपाट्याने पालटला. होमनेटला ९३ घरं गोळा करायला खोकी न्यावी लागली होती, टेलिफोन लाइन टाकून द्यावी लागली होती. आता माणसं आपण होऊन आपलं रोजचं जगणं इंटरनेटवर मांडू लागली. समाजशास्त्रज्ञाला दार ठोठवायचं कारण उरलं नाही. मला वाटतं, विचारायची सवय सुटली ती इथेच.

हार्वर्डच्या काही समाजशास्त्रज्ञांनी एका कॉलेजच्या एका तुकडीतल्या सुमारे १,६०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरली माहिती गोळा केली: कोण कुणाचा मित्र, कुणाला कुठलं संगीत आवडतं, कुणाच्या आवडी कुणाकडून कुणाकडे जातात. कॉलेजची परवानगी होती, फेसबुकचीही होती. ज्यांची माहिती होती त्या मुलांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. २००८ च्या सप्टेंबरात नावं काढून ती माहिती इतर संशोधकांसाठी खुली केली, कॉलेजचं नावही झाकलं. मायकेल झिमर या अभ्यासकाने माहितीचा साठा न उघडता, सोबत दिलेल्या वर्णनावरूनच थोड्या दिवसांत ओळखलं, की हे कॉलेज म्हणजे हार्वर्डच. तुकडीचा आकार आणि काही दुर्मीळ अभ्यासक्रमांची नावं तेवढ्याला पुरली. एखाद्या देशातून कॉलेजात एकच विद्यार्थी आलेला असेल, तर कॉलेज कळलं की तो विद्यार्थीही कळला. माहितीचा साठा मागे घ्यावा लागला.

मग आला २०१२ चा जानेवारी. ११ ते १८ तारखेच्या आठवड्यात फेसबुकने इंग्रजी वापरणाऱ्या ६,८९,००३ लोकांच्या पानावर काय दिसेल यात फेरफार केला. काही जणांना मित्रांच्या आनंदी पोस्टी कमी दाखवल्या, काहींना दुःखी पोस्टी कमी. मग ते लोक स्वतः काय लिहितात हे कॉम्प्युटरने शब्द मोजून पाहिलं. तीस लाखांहून अधिक पोस्टी, बारा कोटींहून अधिक शब्द. आनंदी शब्द कमी पाहिलेल्यांनी आनंदी शब्द किंचित कमी लिहिले, हजारात एखादा. भावना एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात, समोरासमोर न भेटताही पसरतात, असा निष्कर्ष निघाला.

शब्द मोजून मन कळतं का, ही शंका मला पहिल्यापासून आहे. आपल्याकडे ‘वा, छान!’ हे शाबासकीलाही म्हणतात आणि दूध उतू गेल्यावरही म्हणतात. ‘बरं झालं’ कुणाच्या तोंडी आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. इंग्रजीतही ‘मी आनंदी नाही’ या वाक्यात मोजणाऱ्या यंत्राला ‘आनंदी’ सापडतो. पिट्सबर्गमध्ये माणसाला समोर बसवून ‘एकटं वाटतं का?’ विचारलं होतं. इथे सात लाख माणसांच्या मनाचा अंदाज घेतला आणि एकालाही विचारलं नाही.

२०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला तेव्हा लोक खवळले. परवानगीबद्दल विचारल्यावर उत्तर मिळालं, की खातं उघडताना तुम्ही धोरण मान्य केलंच आहे. पत्रकारांनी खोदून पाहिलं तर त्या धोरणात ‘संशोधन’ हा शब्द प्रयोगानंतर चार महिन्यांनी, मे २०१२ मध्ये घातलेला. कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक सहभागी होते, पण विद्यापीठाच्या नैतिकता समितीने म्हटलं, की माहिती कंपनीने गोळा केली म्हणून आमची तपासणी लागली नाही. नियतकालिकाला संपादकीय चिंता व्यक्त करणारी टीप छापावी लागली. अभ्यासाचे प्रमुख लेखक अॅडम क्रेमर यांनी फेसबुकवरच दिलगिरी लिहिली. कंपनीच्या मोठ्या अधिकारी शेरिल सँडबर्ग नेमक्या त्या आठवड्यात दिल्लीत होत्या; त्यांनी इथेच सांगितलं, की हे लोकांना नीट समजावून सांगितलं गेलं नाही, त्याबद्दल माफी. समजावून सांगण्यात कसूर झाली असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की समजावून सांगायची वेळ प्रयोगाच्या आधी होती. प्रयोगाच्या त्या आठवड्यात उदासीच्या काठावर बसलेलं कुणी त्या सात लाखांत नव्हतं, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही, आणि बुजऱ्या, एकट्या माणसावर परिणाम वेगळा होतो हे तर दहा वर्षं आधी छापून आलेलं होतं.

याच वर्षांत जुन्या वाटेने चालणारेही होते, हे सांगितलं पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले मानवशास्त्रज्ञ डॅनिएल मिलर आणि त्यांचे सहकारी, एकंदर नऊ जण, जगातल्या नऊ ठिकाणी जाऊन पंधरा-पंधरा महिने राहिले: चीनचं खेडं, चीनचंच कारखान्यांचं गाव, ब्राझील, चिली, इटली, तुर्कस्तान, त्रिनिदाद, इंग्लंड आणि आपल्याकडे तामिळनाडू. तामिळनाडूत श्रीराम वेंकटरामन चेन्नईजवळच्या गावांत राहिले. एका बाजूला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जुनी गावठाणं. तिथे त्यांना दिसलं, की फोनच्या पडद्यावर कोण कुणाच्या ओळखीचं, हे बऱ्याच अंशी नात्याने, वर्गाने, जातीनेच ठरतं. गावात जी भिंत होती ती फोनमध्येही होती.

आणि मग आपल्या महाराष्ट्रातला तो रविवार. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. त्या महिन्यांत मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर देशभर फिरत होते. फिरणाऱ्या चित्रफितींतली एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होती. शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग कापून टाकला होता. राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबलं आणि मारून टाकलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. डवर वाजवत गावोगाव फिरणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारांत येत आली आहेत.

देशात त्या काळात अशा अफवांनी वीसच्या वर माणसं गेली. व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचहून जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली, आणि वीस संशोधक गटांना प्रत्येकी पन्नास हजार डॉलर देऊन या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं. त्यातला एक गट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बाणाजी आणि राम भट यांचा. ते महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत फिरले. लोकांत बसले, मेसेज दाखवून बोलले, कुणाकडून आला, खरा वाटला का, पुढे का पाठवला हे विचारलं. पुन्हा कुणीतरी विचारायला दारात आलं होतं.

सगळ्यांची अटकळ अशी होती, की अडाणी माणसाला खरंखोटं कळत नाही म्हणून अफवा पसरते. त्याला शिकवलं की काम झालं. २०१९ च्या अहवालाने ही अटकळ खोडून काढली. खोटं पसरवणाऱ्यांत शिकलेले, फोन उत्तम वापरता येणारे, मध्यमवर्गातले पुरुष भरपूर होते. मेसेज खरा आहे की नाही यापेक्षा तो कुणाकडून आला आणि कुणाबद्दल आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरत होतं. दलित, मुस्लिम, आदिवासी, भटके यांच्याविषयी मनात आधीच जे साचलेलं, त्याला मेसेज फक्त वाट करून देत होता. पाचाची मर्यादा मेसेजला होती, त्या साचलेल्याला नव्हती.

भटका दिसला की चोर समजायचं, ही आपली सवय फोनच्या कितीतरी आधीची. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. पिट्सबर्गने दुसऱ्यांदा विचारल्यावर जे हाती आलं होतं तेच मला साक्री तालुक्यात दिसतं. घरात आधी जे आहे ते तारेने वाढतं. मोकळ्या माणसाचा मोकळेपणा वाढतो, एकट्याचा एकटेपणा वाढतो, आणि गावाच्या मनातला संशय वाढून ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत पोचतो. या गोष्टी शब्द मोजणाऱ्या यंत्राला सापडणार नाहीत. त्यासाठी कुणीतरी ओसरीवर येऊन बसायला हवं.

तेव्हा तुमच्या दारात उद्या कुणी वही घेऊन आलं, तुम्ही मोबाइलवर काय करता, कुणाशी बोलता, काय पुढे पाठवता असं विचारू लागलं, तर त्याला परतवू नका. पाणी द्या, बसवा, खरं सांगा. आणि तो उठायच्या आधी तुम्हीही त्याला तीन गोष्टी विचारा: पैसे कुणाचे आहेत, माझ्या उत्तराचं तुम्ही काय करणार, आणि पुन्हा विचारायला कधी येणार.